मासोळीच्या पेटीचा लाइट

मी चौथीपर्यंत शिकलो. ते सांगायची मला लाज नाही. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत माझं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि नागपूरचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला त्या दुकानाचा मान सांगावा लागत नाही. मे महिन्यात मोठमोठे साहेब माझ्यापुढे रुमालानं मान पुसत उभे राहायचे. जळालेली मोटर, बसलेला पंप, हात लावला की करंट देणारा डबा, सगळं माझ्या हातून गेलं आणि सुधारून गेलं. म्हणून घरातल्या मासोळीच्या पेटीचा लाइट बिघडला तेव्हा तो दुसऱ्या कुणाला दाखवायचा प्रश्नच नव्हता.

पेटी माझ्या बायकोची. गुडघे गेल्यापासून ती मनीषनगरच्या आमच्या घराबाहेर पडत नाही. पोरगा पुण्याला असतो. त्यानं दिवाळीत आईसाठी काचेची पेटी आणली, आत एकच लाल मासा. तिचं माहेर कुहीकडचं, तळ्याला लागून. लहानपणी तळ्यावर भांडी घासताना मासोळ्या हातातलं शीत खायला यायच्या, असं तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी मला सांगितलं होतं. तेव्हा मी विचारलं होतं, मग भांडी कोण घासत होतं? त्यानंतर तिनं तळ्याचं कधी काढलं नाही.

या माशाला तिनं महिनाभरात शिकवलं. काचेवर बांगड्या दोनदा वाजवायची. मासा वर यायचा आणि तिच्या बोटांतलं भाताचं शीत ओढून घ्यायचा. ती हसायची. दिवसभर तिला तेवढंच एक काम उरलं होतं, ज्यात मी चूक काढू शकत नव्हतो. खरं सांगतो, मला त्या माशाचा राग यायचा.

लाइट माझ्यामुळेच बिघडला. कूलर भरायचा जो पाइप, त्याच पाइपानं मी झाकणातल्या दाणा टाकायच्या खिडकीतून पेटीतही पाणी सोडत होतो. पाइप हातातून निसटला आणि पेटीच्या झाकणावर पाण्याची धार बसली. झाकणातला लाइट फटकन गेला. ती स्वयंपाकघरात होती. बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, तू झाकण उघडं ठेवलं म्हणून झालं. झाकण लावलेलंच होतं. तिनं झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोछा आणायला गेली.

तिनं पोराला फोन केला, हे मला आवडलं नाही. तो म्हणाला, बाबांना हात लावू देऊ नको, मी नवीन मागवून देतो, दोन दिवसांत घरी येईल. फोन स्पीकरवर होता. मी तिच्या हातातून घेतला आणि बंद केला.

झाकण मी गच्चीवर वाळत टाकलं. भिजलेली मोटर आम्ही अशीच वाळवायचो, दोन दिवस उन्हात. मोटर लोखंडाची असते. हे प्लास्टिक नवतपाच्या, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात पापडासारखं वळलं. मी ते गुडघ्यावर दाबून सरळ केलं, जेवढं झालं तेवढं. आतला बारका डबा, जो घरातला करंट कमी करून लाइटला देतो, तो जळाला होता. तो मी फेकला. त्याच्या जागी जुन्या सामानातली एक छोटी ट्यूब सरळ लाइनवर जोडली, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवली, पट्टीला भोक पाडून वायर ओवली आणि वरून पुटी मळून भरली. कूलर असता तर अर्थिंग दिलं असतं. माझ्या दुकानातून अर्थिंगशिवाय एक कूलर कधी गेला नाही. पण ही तर काच. काच काय करंट देणार?

लाइट लागला. पहिल्यापेक्षा जास्त उजेड. मी तिला हाक मारली. झाकण वाकडं असल्यामुळे पट्टीचं एक टोक पाण्याला टेकत होतं, ते मला दिसलं होतं. पण ते दाखवायचं कुणाला?

टेस्टर मी वापरत नाही. टेस्टर शिकाऊ लोकांचा. आम्ही हाताची मागची बाजू लावून पाहतो. करंट असला तर हात आपोआप झटकला जातो, चिकटत नाही. मी पाण्यात हात घातला. काही नाही. मासा येऊन माझं बोट चाटून गेला. मी म्हटलं, हे घ्या, लाइट तयार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बांगड्या वाजवल्या, शीत धरून हात पाण्यात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"काय जी, करंट लागून राहिला," ती म्हणाली.

मी पेपर खाली ठेवला नाही. म्हटलं, तुझ्या अंगात वात आहे, मुंग्या आल्या असतील. तिनं पुन्हा हात घातला, पुन्हा काढला. बोटं पदरात गुंडाळून उभी राहिली. म्हणाली, मुंग्या नाहीत, करंटच आहे. तेव्हा मी उठलो.

"जिंदगी गेली माही करंटमधी. आता तू मले शिकवतं काय वं?"

मी हात घातला. कोपरापर्यंत. मासा आला. मी तिला म्हटलं, घाल. ती म्हणाली, राहू द्या. मी तिचं मनगट धरलं आणि तिचा हात पाण्यात धरून ठेवला. किती वेळ, ते मी मोजलं नाही. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला काहीच लागत नव्हतं, म्हणून मी ते ढोंग समजलो. मासा पेटीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन काचेवर तोंड आपटत होता.

मग रोज तेच. तिनं बांगड्या वाजवल्या की मासा दगडामागे जायचा. मी हात घातला की यायचा. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. म्हटलं, मुक्या जिवाले समजते कोणाचं मन साफ आहे. शेजारी हसले. तीही हसली, पाहुण्यांसमोर हसतात तशी, आणि चहा टाकायला आत गेली. तरी रोज सकाळी एकदा हात घालायचीच. डोळे मिटून घालायची. शीत पाण्यात सुटून तळाला जायचं.

नवव्या की दहाव्या दिवशी माझ्या चपलेचा पट्टा तुटला. मी घरातही रबरी चप्पल घालतो. धंद्यातली सवय, आज इतकी वर्षं झाली. पाय कधी उघडा फरशीवर पडतच नाही. त्या दिवशी पडला. तिनं नुकताच पोछा मारला होता, फरशी ओली होती. ती समोरच बसली होती आणि मला तिला पुन्हा एकदा दाखवायचं होतं. मी शीत घेऊन हात घातला.

खांद्यापर्यंत झटका आला. मासा बोटापासून गोळीसारखा सुटला.

मी तोंडावर काही येऊ दिलं नाही. म्हटलं, पाणी तापलं आहे. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. माझ्या उघड्या पायाकडे पाहत होती. ती स्वतः घरात नेहमी अनवाणीच असते. मग खुर्चीला धरून उठली, खणातून टेस्टर काढला, दुकान उठल्यापासून तो तिथेच पडला होता, आणि त्याच्या डोक्यावर अंगठा ठेवून टोक पाण्यात बुडवलं. टेस्टर लाल झाला. तिनं तो तसाच माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, हा टेस्टर जुना आहे.

करंट गळला की आपोआप पडणारं बटण पोरानं घरात बसवलं होतं. माझा जुना कूलर लावला की ते पडायचं, म्हणून मीच ते काढून टाकलं होतं. ते असतं तर पहिल्याच दिवशी समजलं असतं. हे तिलाही ठाऊक होतं.

ती झोपल्यावर दुपारी मी झाकण उघडलं. पट्टीच्या भोकाची धार वायरला कापत गेली होती, पुटीच्या आत. अर्ध्या तासाचं काम. धारेला रबर बसवलं, वायर बदलली, पट्टी वर उचलली, अर्थिंग दिलं. मग टेस्टर लावून पाहिला. तीन ठिकाणी पाहिला. तिला म्हटलं, थोडी सफाई केली, आता घाल हात.

ती आली. म्हटलं तसं केलं, नेहमीसारखं. बांगड्या वाजल्या आणि मासा दगडामागे. हात पाण्यात, आता करंट नाही, हे तिलाही समजलं. बराच वेळ थांबली. शीत फुगलं, सुटलं. मासा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंतरही नाही. माझा हात गेला की येतो.

कशानं होतं ते मला आधीच कळलं होतं. तो हात ओळखत नाही, बांगड्यांचा आवाज ओळखतो. मी तिला म्हटलं, आणि हे मी थट्टेत म्हटलं असं इथे लिहिणार नाही.

"बांगड्या काढून घाल हात. मग येईन तो."

आमच्यात नवरा जिवंत असताना बाईचा हात रिकामा राहत नाही. ती हात पुसत होती. एकेक बोट पुसलं. मग म्हणाली,

"काढीन ना जी. तो दिवस येईन तवा काढीन, मग घालीन हात."

आणि आत गेली. त्यानंतर तिनं पेटीला हात लावला नाही. सकाळी ओट्यावर भाताचं शीत काढून ठेवते, ते मीच घालतो. चांगलं पाणी असलं तर हे मासे पुष्कळ वर्षं जगतात, असं पोरगा सांगतो. पाणी मी चांगलं ठेवतो.