मामा आणि माता

"थांब, माताला बोलावतो!" यिशुनच्या आमच्या ब्लॉकमधले काका चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे. सिंगापुरातले जुने लोक पोलिसांना 'माता' म्हणतात, हे कळल्यापासून ते भलतेच खूश होते. "आपल्याकडे मामा, इथे माता. म्हणजे सगळं आजोळच की रे!"

काकू गेल्या, मुलगी कॅनडाला गेली आणि त्यांना हे आजोळ तेवढं उरलं. कुणाची सायकल वाटेत आली, कर फोन. पहाटे कोकीळ ओरडला, कर फोन. पोलीस आले की काका आधी चहा टाकायचे, तक्रार मागाहून आठवायची.

एका रविवारी त्यांनी मलाही वर बोलावलं. शेजारची चिनी आजी रोज सकाळी भिंत ठोकते, अशी तक्रार होती. तरुण पोलिसाने तिला विचारलं, तर ती उसळलीच. "ही स्टार्ट फर्स्ट लाह! एव्हरी मॉर्निंग टोक टोक टोक!"

टोक टोक म्हणजे काकांचा खलबत्ता. दाण्याचं कूट मिक्सरमध्ये तेलकट होतं, यावर त्यांची श्रद्धा. आजी बिचारी 'आता पुरे' म्हणून भिंत ठोकायची, आणि फिर्यादी कोण, तर हे! चोराच्या उलट्या बोंबा. मला हसू आवरेना.

पोलीस मात्र हसला नाही. "अंकल, उगाच फोन करू नका. पुन्हा केलात तर कारवाई होईल," असं त्याने इंग्रजीत अदबीने बजावलं आणि चहा न घेता निघून गेला.

काकांचा चेहरा बघवत नव्हता. "काका, माझ्याकडे येत जा," मी म्हटलं. "येईन की." एकदा आले, कुटाचा डबा दिला, बसले नाहीत.

पुढे काही महिन्यांनी ते स्वयंपाकघरात घसरून पडले. त्या दिवशी खलबत्ता वाजला नाही, म्हणून शेजारच्या आजीनेच पोलिसांना कळवलं. दार उघडलं तेव्हा दुपार टळली होती. काका शुद्धीवर होते. फोन हाताशीच होता.

हॉस्पिटलमधून ते परत आले नाहीत. पण स्ट्रेचरवर होते तेव्हा मी रागावून विचारलं होतं, "काका, फोन का नाही केलात?"

"अरे, त्याने सांगितलं होतं ना, उगाच करायचा नाही," ते म्हणाले. "आता हे उगाच आहे की खरं, ते मला एकट्याला कसं कळणार?"