दाजींनी केलेली कंपायलरची तक्रार

नियम मोडलेला पाहून अंगात खरोखर ताप भरणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. दाजी जळगावला मेहरूणमध्ये प्रोग्रामिंगचे क्लास घेतात. भरीत पार्टीत आम्ही पातेल्यावर तुटून पडलेलो असताना हे पंगत सरळ करत फिरतात. धुळ्याच्या एका लग्नात ‘येथे वाहन लावू नये’ या पाटीखालून त्यांनी नवरदेवाची घोडी हलवायला लावली. नवरदेव तेव्हा तिच्यावरच होता.

अशा माणसाला कंपायलरने दगा द्यावा? लिहिलेला प्रोग्राम तपासायचा, नियमाबाहेरचं दिसलं की परत पाठवायचं, हे त्याचं काम. आता प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘खाजगी’ ठेवलेल्या माहितीला बाहेरून हात लावायला सक्त मनाई असते. दाजींनी सहज आडवाटेने हात घालून पाहिला, तर कंपायलर गप्प. त्या दिवशी दाजी जेवले नाहीत.

“पण प्रोग्राम चालतोय ना?” ताईने विचारलं.

“चालस म्हणजे बरोबर शे का?” दाजी संतापले किंवा हेलावले की अहिराणीवर येतात.

त्यांनी कंपायलर बनवणाऱ्यांकडे लांबलचक तक्रार केली. ती चक्क मान्य झाली, नव्या आवृत्तीत ती पळवाट बंद झाली, आणि दाजींनी गल्लीत पेढे वाटले.

त्याच सुमारास भाचीला पहिलं स्वतंत्र काम मिळालं होतं. फैजपूरच्या एका व्यापाऱ्याच्या केळी पिकवायच्या खोल्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम. सुरू करून द्यायच्या दिवशी सकाळी तिने कंपायलरची नवी आवृत्ती घेतली आणि त्या आवृत्तीने प्रोग्राम साफ नाकारला. पोरीने नकळत तीच आडवाट वापरली होती. तिकडे खोल्या भरलेल्या. व्यापारी फोनवर म्हणत होता, “मॅडम, केळी काही थांबत नाही.” पहिलंच गिऱ्हाईक हातचं जाणार म्हणून तिचे डोळे भरून आले. आता प्रवचन ऐकावं लागणार, या तयारीने मी बसलो.

दाजी हळूच म्हणाले, “बेटा, जुना कंपायलर शे ना अजून? तोच वापरी ले.”

माझा चहा बशीत सांडला. ताई तर त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायला उठली.

भाचीने डोळे पुसले. “नको पप्पा. उद्या काही बिघडलं तर माल त्यांचा सडेल.” तिने व्यापाऱ्याकडे संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. तो कुरकुरला, पण तोवर खोल्या हाताने सांभाळायला तयार झाला. तिने ती आडवाट काढून प्रोग्राम दुरुस्त केला, दुपारी नव्या कंपायलरने तो मुकाट्याने घेतला आणि ती एकटीच फैजपूरला निघाली.

तिची गाडी वळली तरी दाजी फाटकातच उभे होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं.

“जन्मात एकदा कोणाला सूट दिली,” ते म्हणाले, “तर पोरीने घेतली नाही.”