दुडोळ्या न्यावा की नाही

उस्मानपुऱ्यातल्या घरी, पलंगावर तीन कॅमेरे मांडून सांडूअण्णा तासभर नुसते उभे होते. तिसरी घंटा व्हावी आणि नटाला आपलं पहिलंच वाक्य आठवू नये, तसं त्यांचं झालं होतं. एसटी साडेदहाची. पिशवी अजून रिकामी.

सून अमृता दारात येऊन म्हणाली, "अण्णा, सोयगावला आत्याबाईंचा एकच फोटो काढायचाय ना? का लग्नाची ऑर्डर घेतलीय?"

"हां, खातो नंतर," अण्णा म्हणाले. तिनं जेवणाचं विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. पुढं मोबाइल आले, स्टुडिओ गेला, हे तीन कॅमेरे तेवढे उरले. पहिला छोट्या रोलचा. त्याच्या एवढ्याशा खिडकीतून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही धड दिसत नसे, आणि तो हातात धरावा तर उजवा हात कापे. दुसरा भात्याचा. त्याच्या भात्याच्या चामड्याला चिरा गेलेल्या, उजेड आत शिरून फोटोवर पांढरे पट्टे उमटत. तिसरा दुडोळ्या. एकावर एक दोन भिंगं, म्हणून हे नाव अण्णांनीच ठेवलेलं. तो तिपाईवर ठेवायचा, वरचं झाकण उघडायचं आणि काचेत वाकून बघायचं. हात कापला तरी बिघडत नाही. फोटो काढायचा तर यानंच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अण्णांनाही कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना घाम फुटला होता.

पूर्वी खेड्यापाड्यांतून निरोप यायचा, "म्हाताऱ्यानं अन्न सोडलंय, लवकर या." अण्णा दुडोळ्या घेऊन निघायचे. म्हाताऱ्याला उशीला टेकवायचे, डोक्यावर पटका ठेवायचे, "बाबा, हिकडं बघा" म्हणायचे. चार दिवसांत तोच फोटो हार घालून भिंतीवर जायचा. लोक त्याला हाराचा फोटोच म्हणत. पडेगावच्या तात्यासाहेबांचा फोटो मंगळवारी काढला, शुक्रवारी ते गेले. बोलावणंच जाणाऱ्यासाठी येतं, तेव्हा तो जाणारच, अशी अण्णा स्वतःची समजूत घालत. ती समजूत पुष्कळ वर्षं टिकलीही.

मग द्वारकाबाईंची पाळी आली. अण्णांची बायको, चांगली धडधाकट. एका दुपारी हिरवं इरकल नेसून स्टुडिओत आली आणि म्हणाली, "जगाचे काढता, माझा एक काढा की." रोल भरलेला तेवढा दुडोळ्याच हाताशी होता. एकेचाळिसाव्या दिवशी त्याच फोटोला हार घालावा लागला. तेव्हापासून अकरा वर्षं दुडोळ्या फडक्यात बांधून कपाटात पडला होता.

आणि आता थोरल्या बहिणीचा, कडूबाईंचा फोन आला होता. त्या शहाऐंशीच्या. गेल्या महिन्यात न्हाणीत घसरून पडल्या, उठल्या, पण मनाशी काही ठरवूनच उठल्या.

"सांड्या, येऊन माझा हाराचा फोटो काढून जा. दुडोळ्यानंच काढ."

"अक्का, काहीतरी बोलू नको. दीपमालाला सांग, मोबाइलवर काढंल." दीपमाला म्हणजे कडूबाईंची नातसून.

"काढला की तिनं. त्यात मी नाय, कोणीतरी पीठ फासलेली बाई हाय." मग त्या म्हणाल्या, "आईचं तोंड आठवतं का रं तुला?"

अण्णांना आठवेना.

"मलाबी नाय आठवत. एक फोटो नाय तिचा. माझं तसं नको व्हायला."

यावर नाही म्हणता येईना. अण्णांनी मुंबईहून कुरिअरनं बारा फोटोंचा एक रोल मागवला. आज सकाळी तो दुडोळ्यात भरला, काढला, पुन्हा भरला, पुन्हा काढला. शेवटी दहा वाजता त्यांना युक्ती सुचली आणि तिची त्यांना लाजही वाटली. दुडोळ्या न्यायचा, पण रिकामा. नाटकातली तलवार लाकडी असते, तरी मारणारा मारतो आणि मरणारा मरतो; प्रयोग संपला की दोघं चहाला एकत्र. अक्काचं मन राहील आणि अक्काही राहील. त्यांनी दुडोळ्या पिशवीत घातला. रोल मात्र घरी ठेववेना. तो बंडीच्या खिशात गेला. सबंध अजिंठ्याचा घाट उतरेपर्यंत ते खिसा चाचपत होते.

सोयगावला कडूबाई अंगणात खुर्ची टाकून तयारच बसल्या होत्या. कपाळावर गोंदण, डोक्यावर पदर, तोंडात एकही दात नाही. अण्णांनी तिपाई उभी केली, झाकण उघडलं, वाकले. काचेत अक्का दिसली, लहानशी, स्वच्छ. द्वारकाबाई अशीच दिसली होती. रोल नाही, रोल नाही, असं मनात घोकत त्यांनी रोल पुढं सरकवायची चावी फिरवली.

"थांब," कडूबाई म्हणाल्या. "चावी हलकी फिरली. रिकामा हाय व्हय?"

अण्णा विसरलेच होते. नवरा गेल्यावर अक्का नऊ वर्षं त्यांच्या स्टुडिओत फोटो धुवायला होती. भरल्या कॅमेऱ्याची चावी जड फिरते, हे तिच्या कानाला पाठ होतं.

"लबाडा! मरणाऱ्या बहिणीला फसवतोस?"

"मरणारी म्हणू नको!" अण्णा ओरडले, आणि तिथंच ओट्यावर बसले. द्वारकाबाई, एकेचाळीस दिवस, अकरा वर्षं कोणाजवळ बोलले नव्हते ते सगळं बोलून गेले.

कडूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दीपमाला, सूप आण. मूठभर ज्वारीबी आण."

"आजी, आता काय काढलंत?" दीपमाला म्हणाली, पण सूप घेऊन आली.

"तुझं नाव सांडू का, ठाऊक हाय ना?" कडूबाईंनी भावाला विचारलं.

ठाऊक होतं. आईची आधीची दोन लेकरं गेली, म्हणून हा जन्मताच याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं होतं. हे सांडलेलं, टाकलेलं, कुणालाच नको असलेलं, असं मरणाला दाखवायला. आठ वर्षांच्या कडूनं त्याला तिथून उचललं आणि आईनं मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. कडूचं नावही मरणाला गोड लागू नये म्हणूनच ठेवलेलं.

आज गोठ्यामागच्या उकिरड्यावर सुपात दुडोळ्या जाऊन बसला. दीपमालाचा हात धरून कडूबाई तिथवर चालत गेल्या, वाकल्या, त्याला उचललं. "कोणाचा रं ह्यो? कोणाचाच नाय? मग माझा." आणि भावाला म्हणाल्या, "घेतोस का इकत?"

अण्णांनी ज्वारी त्यांच्या ओच्यात टाकली. हसू येत होतं, पण भीती काही गेली नव्हती. हसण्याला वाट देऊन ती फक्त जरा बाजूला सरकली होती.

"आता भर रोल. घातलास कुठं?"

अण्णांनी बंडीच्या खिशातून रोल काढला.

"बघ. फसवणाराबी धड नाय."

चावी जड फिरली. अण्णा वाकले. काचेतली अक्का त्यांच्याकडं रोखून बघत होती, लहानपणी मारायला धावायची तशी. त्यांनी श्वास धरला, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

परतीच्या एसटीत पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. गाडी फर्दापूरला थांबताच फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला.

"काय रं? पोचला व्हय एवढ्यात?"

"नाय, फर्दापूरला हाय. तू... काय करतीस?"

"जित्ती हाय. ठेव फोन."

सिल्लोड येईपर्यंत अण्णांनी कसाबसा धीर धरला. तिथं त्यांनी पुन्हा नंबर लावला.