कानाशी धरलेली मिरची

आज आमच्या ग्राहक सोसायटीची तीन दुकानं आहेत. तरी चटणीचे दिवस आले की मला एका जागी बसवत नाही.

सुरुवातच मिरचीपासून झाली. कॉलनीतल्या बावीस घरांनी वर्षाच्या चटणीची मिरची एकत्र आणायची, घरटी पाच किलो. हे जमलं तर दुकान काढायचं. खरेदी माझ्याकडे होती. मी रंग बघितला, भाव पाडला आणि एकशे दहा किलो घेऊन आलो.

वाटपाआधी त्यातली एक किलो गच्चीवर पसरली. दोन उन्हांनंतर भरली आठशे वीस ग्रॅम. मिरची उन्हात थोडी उतरतेच, पण एवढी नाही. कुणीतरी पाणी मारलं होतं. गप्प राहिलो असतो तर कळलं नसतं. लोकांनी उन्हाला दोष दिला असता. बोललो तर दुकान निघण्याआधीच मोडणार. मी जिना चढत-उतरत राहिलो, पुन्हा पुन्हा तोलत राहिलो.

बायको म्हणाली, "अहो, तोलून वजन वाढतंय व्हय?"

रविवारी सगळे पिशव्या घेऊन गच्चीवर आले. मी सांगून टाकलं, "मिरची ओली आहे. किलोमागं एकशे ऐंशी ग्रॅम जाणार. चूक माझी."

दोघांनी पिशव्या घडी घालून काखेत मारल्या. शेजारच्या वहिनींनी मात्र मूठभर मिरची उचलली आणि कानाशी हलवली.

"भावजी, मिरची डोळ्यानं घेत्यात व्हय? आत बी वाजाय पायजे की! आता कुणी न्ह्यायची न्हाय. हितंच वाळवू, मग तोलून वाटू. आन् पुढच्या खेपंला मी येणार. तुमी निस्तं पोतं धरायचं."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

वाळल्यावर घरटी चार किलो शंभर ग्रॅम आली. बाजारापेक्षा महागच पडली. तरीही वीस घरांनी भागभांडवल भरलं. ती दोन घरं आजही आमच्या दुकानाची पायरी चढत नाहीत.

वहिनींनी पुढं अकरा वर्षं खरेदी केली. आता गुडघ्यांमुळे त्यांना जमत नाही. परवा गोदामात पोती उतरली. सोबत ओलाव्याच्या तपासणीचा कागद होता. तो मी दोनदा वाचला. मग एक मिरची कानाशी धरली. वाजली.

जेवायला बोलवायला घरून फोन आला. मी दुसरं पोतं सोडत होतो.