ट्रेलरचं छत आणि खोबरेल तेल

हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही आमच्या ट्रेलरला न्हाऊ घालतो. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली. एक गादी, एक शेगडी, इवलीशी मोरी. हिगाशी-कसाई या जपानी वस्तीत आमच्या इमारतीमागे भाड्याच्या जागेत तो उभा असतो आणि पानगळीत डोंगरातल्या तळ्याकडे निघतो. त्याआधी चाकांना ग्रीस लावायचं, छताच्या सांध्यांवरचं तडकलेलं सीलंट, म्हणजे पाणी अडवणारा लेप, खरवडून नवं भरायचं. ते वाळलं की परीक्षा. एकाने छतावर नळीने पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत पडून थेंब येतो का ते पाहायचं. पडून राहायचं काम अर्थात माझं.

यंदा कावासाकीहून आलेल्या मुलाने आधीच बजावलं, "आई, एक थेंब जरी आत आला ना, तर हा डबा देऊन टाकायचा. बाबांचे गुडघे बघ, तुझं वय बघ."

"माझं वय कुठून गळतंय रे?"

"तोंडातून, अधूनमधून," घडीच्या खुर्चीतून हे म्हणाले.

मी आत जाऊन आडवी झाले. वर पाणी वाहू लागलं. छतातल्या खिडकीतून उजेड झिरपत भिंतीवर डुलत होता, जणू मी तळ्याच्या तळाशीच निजले होते. डोळे अर्धे मिटले आणि ती बाई दिसली, चाळिशीतली मी. मला ती फार आवडते, इतकी मूर्ख होती.

थंडीआधी दाराच्या रबराला आणि कुलपाला तेलपाणी करायचं, एवढं तिला कळलं होतं. कोणतं तेल, हे विचारणं तिला कमीपणाचं वाटलं. तिने पुण्याहून आणलेलं खोबरेल घेतलं, रबराला चोपडलं आणि बाळाच्या कानात घालावं तसं मायेने कुलपात सोडलं.

"हे चालतं का?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या टकलाला चालतं, कुलपाला का नाही?"

जन्मभर हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणारी ही बाई! तळ्याकाठी पहाटेच्या दवाचं पांढरं मीठ झालं होतं. फेरफटका मारून आलो, तर किल्ली फिरेना. तेल आत थिजून बसलेलं. पांघरुणं आत, चहा आत, आणि बाहेर मी, साडीवर स्वेटर, पायांत चपला.

हे तडक निघाले. रस्त्याकडेच्या मशीनमध्ये नाणी टाकून गरम कॉफीचे डबे घेऊन आले. एक कुलपाला टेकवला, एक माझ्या बोटांत दिला. तळ्यावर धुकं सरकत होतं. डबे निवायचे, हे नवे आणायचे. हळूहळू कुलपातून न्हाण्याच्या दिवसाचा वास यायला लागला.

"कुलपाची चंपी चालू आहे," हे म्हणाले. मी हसता हसता चपलेतून घसरले. त्या धुक्यातून परत यायची मला आजही घाई नसते.

टप्.

कपाळावर गार लागलं. छतातल्या खिडकीच्या कोपऱ्यात दुसरा थेंब लोंबत होता.

"आई, कोरडं ना?" बाहेरून मुलगा.

पदर हाताशीच होता. चाळिशीतली बाई कानात कुजबुजली, पूस आणि 'हो' म्हण. पण असं पुसत राहिलं तर छत आतून कुजतं.

"ओलं!" मी ओरडले.

मुलगा आत आला. थेंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने कोपऱ्याभोवतीची फळी दाबत गेला. मी श्वास रोखून होते. मऊ लागली असती, तर संपलं होतं.

"कडक आहे," तो शेवटी म्हणाला. "सीलंटच राहिलंय इथे. हा कोपरा कोणी केला?"

"मी," खुर्चीतून आवाज आला. "चष्मा घरी होता."

मुलाने कपाळाला हात लावला. पण नळी हाती घेतली ती सीलंटचीच.

पुढच्या शनिवारी पुन्हा पाणी सोडलं. मी पडून पडून चक्क घोरले, तरी थेंब नाही.

"तळ्याकडे जायचं," मुलगा म्हणाला, "पण गाडी मी चालवणार."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोबरेल घेऊ?"

"घ्या, माझ्या केसांना. आणि कॉफीसाठी सुटे."