पोडावर आलेला मेसेज

मी मूळची उदगीरची. नांदेडला आरोग्य खात्याच्या एका कार्यालयात कंत्राटावर कम्प्युटरचं काम करायचे. जन्माची नोंद एका ठिकाणी, मृत्यूची दुसऱ्या, दवाखान्याची तिसऱ्या. एकीचा दुसरीला पत्ता नव्हता.

किनवटच्या जंगलात कोलाम आदिवासींच्या एका वस्तीवर, पोडावर, नर्सताईंसोबत गेले होते. एका बाईनं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"काय लिव्हलंय, वाचा बरं."

बाळाला लस द्यायला आणा, असा आमच्याच खात्याचा मेसेज होता.

"बाळ कुठंय?" मी विचारलं.

नर्सताईंनी माझा हात दाबला. मुलगी गेली होती. दवाखान्यात जन्मली, वजन कमी होतं, तरी दुसऱ्या बाईला खाट हवी म्हणून मायलेकींना लवकर घरी धाडलं. वाटेतच तिचं अंग गार पडलं.

"तुमच्याकडं ती जित्तीच हाय का?" बाई म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारत होती.

परत आले ती पेटूनच. परवानगी काढली आणि तिन्ही नोंदी जोडायला बसले. एकाच आईचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. गाव, वय, तारीख ताडून जुळवत गेले. अडलं की नर्सताई गावात विचारून सांगायच्या. शेवटी दिसलं ते असं, की पोडांवरची आणि तांड्यांवरची लेकरं शहरातल्यांपेक्षा कितीतरी जास्त दगावत होती. त्यातली बरीच दवाखान्यातच जन्मलेली.

बैठकीत मोठे साहेब म्हणाले, "ते लोक घरीच बाळंतपण करतात हो."

"नाही सर. ही आपणच घरी पाठवलेली."

साहेबांनी पडद्यावरच्या माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "जमातीचा रकाना काढून टाका. उगाच पेपरात येईल."

मी काढला नाही. त्यांनी दुसऱ्याकडून काढून घेतला. रकाना गेला आणि पोडांवरची लेकरं जिल्ह्याच्या सरासरीत दिसेनाशी झाली.

नोंदी जोडल्यामुळं मेलेल्या लेकरांच्या घरी जाणारे मेसेज मात्र थांबले. लातूरच्या कार्यशाळेत साहेबांनी तेवढंच सांगितलं, टाळ्या घेतल्या. कमी वजनाच्या बाळांसाठी मी मागितलेल्या जादा खाटांचं नावही निघालं नाही. पुढं माझं कंत्राट वाढवलं नाही.

परवा नर्सताईंचा फोन आला. मागं कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

"एका कोलाम पोरीला घरी पाठवायलेत. बाळ मुठीएवढं हाय. मी तिच्या खाटेवरच बसून राहिलेय. बघते, कोण उठवतंय."