पाचही कॉम्प्युटरवर प्रेरणा

आमच्या वेल्ह्याच्या दूध संघात पाच कॉम्प्युटर आहेत आणि पाचांच्याही पडद्यावर एकच पोरगी हसते. पुढचा दात पडलेला, हातात मक्याचं कणीस. दूध घालणारे आम्ही सगळे तिला ओळखतो. ती प्रेरणा, शुभांगीची मुलगी.

शुभांगी तिथला संगणक विभाग सांभाळते, म्हणजे विभागही तीच आणि शिपाईही तीच. खरी प्रेरणा आंबवड्याला आजीपाशी असते. वडील शिरवळला कंपनीत पाळीवर. नसरापूरला एसटी बदलून रोज घर गाठणं होत नाही, म्हणून शुभांगी इथे खोली घेऊन राहते आणि शनिवारी लेकीला भेटते.

कॉम्प्युटर आले तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड मिळाला होता. पण दुधाची बिलं काढणाऱ्या कुंडलिकरावांच्या नावावर प्रिंटर सापडेना आणि शेजारच्या टेबलावरच्या सावळारामच्या नावावर मराठी उमटेना. शुभांगीने स्वतःच्या नावावर सगळं नीट लावून घेतलं होतं. कुंडलिकराव म्हणाले, "ताई, आजच्या दिस तुमच्यातनं करू द्या." तिने पासवर्ड सांगितला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला गेला आणि तो आजचा दिवस काही संपला नाही. शेजारणीकडे घराची किल्ली ठेवावी, इतक्या सहज सगळे शुभांगीच्या नावाने कामाला बसू लागले. तिने एका कॉम्प्युटरवर लेकीचा फोटो लावला, तो पाचांवर दिसू लागला.

मग भोरच्या कार्यालयात जागा निघाली. बदलीचा हुकूम आला, तेव्हा ती पेढे वाटत होती. मलाही एक मिळाला. भोरहून आंबवडे जवळ. लेक रोज कुशीत झोपणार होती.

जाण्याआधी तिने सुट्टीच्या दिवशी बसून प्रत्येकाच्या नावावर प्रिंटर, मराठी, बिलांचं पान, सगळं जागेवर लावून दिलं. सोमवारी कुंडलिकरावांनी स्वतःचं नाव उघडलं, कोरा निळा पडदा बघितला आणि बंद केलं. "हितं काय घावंना. आपलं जुनंच बरं."

"तुमचंच आहे ते, काका. चार दिवस वापरा, सवय होईल."

"व्हईल की. तुमी जावा बिनघोर."

ती गेली. मुख्य कार्यालयाचा नियम असा, की एक नाव एका वेळी एकाच कार्यालयात चालतं आणि हजेरीही त्यावरच लागते. भोरला सकाळी तिने नाव टाकलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, हे नाव वेल्ह्यात कामावर आहे. तिने इकडे फोन केला तेव्हा मी समोरच बसलो होतो.

"काका, माझ्या नावातून बाहेर या ना. मला हजर व्हायचंय."

"येतो की. येवढी बिलं निघू द्या. लोकं खोळंबल्यात."

मी त्या खोळंबलेल्या लोकांतलाच. बिलं निघाली, मग दुसऱ्या टेबलावरची निघाली. संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी शुभांगी होऊन बसलेलंच होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. इथल्या साहेबांनी मुख्य कार्यालयाला कळवलं, की या बाईंशिवाय इथलं काम चालत नाही. वरच्यांनी हजेरी बघितली. त्यात शुभांगी वेल्ह्यातच होती. हुकूम रद्द झाला.

ती परत आली. तिने पासवर्ड बदलला, तर साहेबांनी बिलं अडल्याचं सांगून तासाभरात नवा कॅलेंडरवर लिहायला लावला. मला त्या माणसांचा फार राग आला. पण वाईट त्यांच्यात कोणी नव्हतं, आणि तिला नेमकं तेच जड जात असावं.

शेवटी तिने लेकीचा फोटो काढून टाकला. तेवढाच तिचा होता. पडदे रिकामे झाले.

दुपारी मी गेलो तेव्हा प्रेरणा पुन्हा पाचही पडद्यांवर हसत होती. सावळारामने जुना फोटो शोधून लावला होता.

"सुनं सुनं वाटाय लागलं व्हतं, ताई," तो मायेनं म्हणाला. "आमाला बी तिची सवय झालीया."

शुभांगीने माझं बिल काढलं. पडद्याकडे न बघता.